संवेदनशीलता : चाळीस

पहिल्या रात्री दोनशे चौदा सूचना.
सकाळी आर्वेदचा फोन :
"अख्खं हिउमा बेट माझ्या शेडवर चालून आलं की काय?"
मी शिडी गाडीवर टाकली आणि निघाले.

खाडीच्या टोकाला शेड, डांबर फासलेली.
आत दोन होड्या, हेरिंग धुरवायची भट्टी
आणि एक रिकामा खुंटा,
ज्यावरचं इंजिन ऑगस्टात कुणीतरी उचलून नेलं.

दाराशेजारच्या बाकावर बसून
आम्ही कालची रात्र पाहिली, अंगठ्याने पुढे ढकलत.
लव्हाळे. लव्हाळे. पुन्हा लव्हाळे.
एक पतंग, भिंगाला खेटल्यामुळे घुबडाएवढा.
कोळ्याने तर लेन्सवरच बिऱ्हाड केलेलं,
त्याची तंगडी हलली की आर्वेदचा खिसा थरथरे.
ज्युनिपरचं झुडूप
वाऱ्यात दर मिनिटाला नवा गुन्हा करत होतं.
पहाटे कोल्हा आला. तेवढाच खरा चोर,
हेरिंगचं डोकं तोंडात धरून
कॅमेऱ्याकडे बघून गेला.

मी म्हटलं, याला माणूस कळत नाही, कोल्हाही नाही.
मघाशी इथे काळं होतं, आता करडं आहे,
एवढंच कळतं, आणि तेवढ्यावर हा ओरडतो.

आर्वेद हसला.
मी लहान होतो तेव्हा, म्हणाला,
संध्याकाळी शिपाई या वाळूवरून कुळव फिरवायचे.
सरहद्द ना ही. वाळू अशी गुळगुळीत
की सकाळी पाऊल दिसलंच पाहिजे.
कोण पळालं, कोण उतरलं.
आणि सकाळी?
सकाळी कोल्ह्याचीच पावलं.
तरी ते वहीत लिहायचे.

ऐंशीवरची संवेदनशीलता मी चाळीसवर आणली.
मग पडद्यावर बोटाने चौकटी ओढत गेले :
इथे पाहू नकोस. इथेही नको.
समुद्र गेला. लव्हाळे गेले. झुडूप सुटलं निर्दोष.
टपालाची गाडी वळते तो रस्त्याचा तुकडाही.
उरलं फक्त दार, कडी आणि हा बाक.
कोळ्याला मी फडक्याने हलवलं,
त्याने दुपारी पुन्हा जाळं धरलं असणार.

सतरा दिवस काही नाही.
अठराव्या दिवशी फोन. आवाज खाली.
"येऊन जा. शिडी नको."

दोन तुकडे होते.
तीन बारा : एल्वी, गमबूट, डोक्याला रुमाल,
येते, बाकावर बसते. चाळीस सेकंद. संपलं.
चार एक्केचाळीस : एल्वी उठते,
गुडघा धरून थोडी थांबते, जाते.
मध्ये काळोखसुद्धा नाही. मध्ये काहीच नाही.

"बिघडलाय?" त्याने विचारलं,
उत्तर माहीत असल्यासारखं.
नाही, मी म्हटलं. ती हललीच नाही.
जे हलत नाही ते याच्या लेखी नसतं.

आतली निळी होडी काल्यूची, तिच्या नवऱ्याची.
गेल्या हिवाळ्यात ती एकटीच किनाऱ्याला लागली,
तेव्हापासून आर्वेदकडे आहे.
भाडं तो घेत नाही, ती विकत नाही,
आणि याबद्दल दोघं काही बोलतही नाहीत.

"तिला कळतं का, आपण दिसतो ते?"
लाल दिवा लागतो, म्हटलं. बारीकसा.
तो बराच वेळ बाकाकडे पाहत राहिला.
मग माझ्या हातातून पडदा घेतला,
धुराने पिवळ्या झालेल्या जाड बोटाने
बाकाभोवती एक चौकट ओढली, वाकडी.
दाराचा अर्धा भाग आत गेला, मी म्हणाले.
आणि कडीही.
"जाऊ दे."

मी सेव्ह केलं.
लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली.
त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून चार हेरिंग दिले, अजून कोमट.
बिलावर लिहिलं :
कॅमेरा तपासला. दोष आढळला नाही.